सूतभर

एकतीस तारखेला दिवे लागायला गल्लीतली पोरं आली.
"काका, जुना शर्ट असला तर द्या की,
ओल्डमॅनला अंगात घालायला काय नाही."
पिंजर भरून पॅन्ट तयार होती त्यांची,
मडक्याला चुन्याची दाढी काढून झाली होती,
मधलं धड तेवढं उघडं.

मी कंपनीचा निळा दिला,
कॉलर विरलेली, कूलंटचा वास न गेलेला.
पोरं गेटापर्यंत पोचली नसतील
तवर खिशातनं कागद निघाला.
बसूनं तो लाइटीच्या खांबाखाली धरला
आणि शाळेतली प्रार्थना म्हणावी तसा वाचला:

एक, तंबाखू बंद.
दोन, पिग्मी रोज पन्नास, खाडा नको.
तीन, दर रविवारी राजहंसगड, चालत.
चार, कन्नड वाचायला शिकणे.
पाच, दादाला फोन.
खाली तारीख, एक जानेवारी. सहीसुद्धा,
जसा काय मीच मालक आणि मीच कामगार.

पोरं हसली. मीही हसलो, खरं
हात आपोआप पुढं गेला कागद मागायला.

तेवीस वर्षं उद्यमबागेत लेथवर आहे.
मायक्रोमीटर कुणाचा पाहुणा लागत नाही,
मापात नसलेला जॉब बाजूला टाकायचा, बास.
म्हणून जेवण झाल्यावर कट्ट्यावर बसलो
आणि वर्ष मापायला घेतलं.

तंबाखू: नऊ दिवस.
मार्चमध्ये परत अकरा.
पुढं मोजणं सुटलं, तंबाखू नाही.

पिग्मी बरी म्हणायची.
पासबुकात गणपतीच्या आठवड्याचं एक भोक आहे
आणि सुरेखाच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं एक, मोठं.
त्याला खाडा म्हणायचं का, ठरवता येईना.

गड तीनदा.

कन्नड ईराप्पानं शिकवलं, चहाच्या सुट्टीत,
पत्र्याच्या तुकड्यावर खडूनं.
अक्षरं सगळी गोल, डोक्यावर रेघ नाही,
माझा हात सारखा वर रेघ ओढायला जायचा.
ळ आला तेव्हा मी म्हटलं, "अरे, हा तर आमचा!"
तो म्हणाला, "आमचा."
चहा गार झाला त्या दिवशी.
ऑगस्टात एका रविवारी गडाला निघालो होतो,
तिसऱ्या गेटाजवळ बस आली, आणि पाटी
कुणी न सांगता वाचता आली: येळ्ळूर.
ळ खाली ळ, एकाच्या पोटाशी दुसरा.
त्या आनंदात बसमध्येच चढलो.
गड राहिला. येळ्ळुरात भजी खाऊन माघारी.
हा तीन नंबरात वजा करू का चारात जमा?
सुरेखा आतनं म्हणाली, "भजी धर."

पाच.
दादा चंदगडला. तासा-दीड तासाची वाट.
आईच्या शिलाई मशीनवरनं बोलणं बंद,
मशीन गंजून गेलं त्यालाही आता सात वर्षं.
मे महिन्यात नंबर फिरवला एकदा.
"कोण?" आलं तिकडनं.
मी म्हटलं, "राँग नंबर."
फोन ठेवला मात्र दोघांनीही नाही,
बराच वेळ.
मागं त्याच्या कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
याला काय माप लावू.

बारा वाजता चौकात ओल्डमॅन पेटला.
कॉलर आधी गेली, मग बाह्या.
कूलंटचा वास येईल म्हणून मी उगाच नाक वर केलं,
नुसती पिंजर.
फटाके, बसूच्या शिट्ट्या, गल्लीतली कुत्री गायब.

कागदाची मागची बाजू कोरी होती.
तीच पाच परत उतरवली.
'दर रविवारी' खोडून 'जमेल तेव्हा' केलं,
लाज वाटली,
'जमेल तेव्हा' खोडून परत 'दर रविवारी'.
पाचव्याच्या पुढं मात्र
रात्रपाळीवाल्याला चिठ्ठी लावून ठेवतो तसं लिहिलं:
सूतभर सरकलाय.
जॉब चकमधनं काढू नये.